फिलर वगळायचे की बघायचे? मारधाडीच्या ॲनिमेतले हलकेफुलके भाग निवडण्याची रीत

'नारुतो' या शिकाऊ निन्जांच्या जपानी ॲनिमेचा, म्हणजे कार्टून मालिकेचा, १०१ वा भाग बघा. नारुतो, सासुके आणि साकुरा यांना दिवसभर एकच ध्यास लागलेला असतो: काकाशी सर नाकापर्यंत जे फडकं बांधून फिरतात, त्याच्या आडचा चेहरा एकदा तरी बघायचा. त्यासाठी पाळत, सापळे, नाना खटपटी होतात. शेवटी सर स्वतःच फडकं उतरवतात, तर आत आणखी एक फडकं! ना कोणी खलनायक, ना कोणाचा जीव धोक्यात. फिलरच्या, म्हणजे मूळ कथेबाहेरच्या भरीच्या भागांच्या, याद्यांमध्ये या भागावर 'वगळला तरी चालेल' असा शिक्का असतो.

आता पुढचे क्रमांक बघा. १०७ आणि १०८ मध्ये नारुतो आणि सासुके हॉस्पिटलच्या गच्चीवर एकमेकांवर जीवघेणे वार करतात आणि त्यानंतर सासुके गाव सोडून जातो. म्हणजे या तिघांनी मिळून वेड्यासारखं हसण्याची ही शेवटची वेळ. यादी वाचून ज्याने १०१ गाळला, त्याला गच्चीवरची मारामारी दिसेल, पण काय तुटलं ते तितकंसं जाणवणार नाही.

याचा अर्थ सगळे फिलर बघा असा मात्र नाही. त्याच मालिकेत शेवटाकडे सलग ७७ फिलर भाग आहेत आणि तिथे भलेभले गळतात. कुठला भाग ठेवायचा, कुठला बाजूला काढायचा आणि कुठला सरळ सोडून द्यायचा, हे नवख्याला ठरवता यावं म्हणून ही रीत.

आधी चार शब्द

मांगात, म्हणजे मूळ चित्रकथेत, जे आहे ते पडद्यावर आलं की त्याला कॅनन म्हणतात. मांगात नसलेलं, ॲनिमे बनवणाऱ्यांनी स्वतः रचलेलं ते फिलर. जपानी चाहते त्याला 'आनीओरी' म्हणतात, म्हणजे ॲनिमेचं स्वतःचं. त्या शब्दात हिणवणं नाही. अर्धं मांगातलं, अर्धं नवं असेल तर तो मिश्र भाग. आणि जुनीच दृश्यं जोडून मागची कथा पुन्हा सांगितली तर रिकॅप. फिलर आणि रिकॅप एकच समजण्याची चूक सर्रास होते. रिकॅपमध्ये जवळपास काहीच नवं नसतं, तो नि:शंक गाळावा. नारुतोचा २६ वा भाग त्या जातीचा. फिलरचा निर्णय एवढा सोपा नाही.

फिलर येतो कुठून

हा हिशोब एकदा समजला की निम्मा राग ओसरतो. साप्ताहिक मासिकात मांगाचं एक प्रकरण साधारण १९ पानांचं असतं आणि सुट्ट्या वगळता वर्षाला ४८ च्या आसपास प्रकरणं होतात. ॲनिमेचा एक भाग २४ मिनिटांचा. त्यात दीड मिनिट ओपनिंग, दीड मिनिट एंडिंग, थोडी पुढच्या भागाची झलक. हाती उरतात २० मिनिटं. तेवढ्यात दोनेक प्रकरणं आरामात बसतात. म्हणजे वर्षभर दर आठवड्याला भाग दाखवायचा तर ९०-१०० प्रकरणं लागणार आणि मांगाकार देणार ४८. दरवर्षी पन्नासेक प्रकरणांची तूट.

नारुतोचा मांगा १९९९ मध्ये सुरू झाला, ॲनिमे ऑक्टोबर २००२ मध्ये. म्हणजे तीन वर्षांची शिल्लक, जेमतेम दीडशे प्रकरणं. वर्षाला पन्नासच्या हिशोबाने ती तीन वर्षांच्या आत संपायला हवी, आणि तसंच झालं. २००५ च्या मध्यावर १३५ व्या भागाला सासुकेच्या पाठलागाची कथा संपली, आणि १३६ पासून फेब्रुवारी २००७ मधल्या २२० व्या भागापर्यंत मालिका जवळपास पूर्ण फिलरवर चालली. यात कोणाचा आळस नव्हता. वाण्याकडे माल संपला होता आणि दुकान तर रोज उघडायचं होतं.

अशा वेळी निर्मात्यांपुढे दोन वाटा असतात. एक, आमटीत पाणी घालायचं: एका प्रकरणाचा एक भाग करायचा, प्रत्येक ठोशानंतर पाच जणांचे आ वासलेले चेहरे दाखवायचे. वन पीस या समुद्री चाच्यांच्या मालिकेने पुढच्या वर्षांत बहुतांशी हीच वाट धरली. दुसरी, आमटी तशीच दाट ठेवून ताटात कोशिंबीर वाढायची, म्हणजे फिलर. नवे प्रेक्षक फिलरला शिव्या घालतात आणि पाणीदार भागांना कॅनन म्हणून निमूट गिळतात. आमच्या मते हे उलटं आहे. फिलर निदान गाळता तरी येतो. पाणी आमटीतून वेगळं काढता येत नाही.

हलका फिलर का जमतो, गंभीर का फसतो

फिलरवर एक कडक बंधन असतं: मांगाची कथा जिथे थांबली, तिथेच सगळ्यांना परत आणून सोडायचं. कोणी मरायचं नाही, कोणाची ताकद कायमची वाढायची नाही, प्रेम जमायचं नाही, गुपित फुटायचं नाही. गंभीर कथेला हे बंधन मारक ठरतं. नवा खलनायक कितीही भयानक दाखवा, तो हरणार आणि पुढे त्याचं नावही कोणी काढणार नाही, हे तिसऱ्या भागातच कळतं. मग बारा-पंधरा भाग कशासाठी बघायचे?

विनोदाला तेच बंधन मानवतं. दिवसभर धावपळ करून, फजिती होऊन सगळे संध्याकाळी होते तिथेच परत येणं हा तर विनोदी गोष्टीचा जुना साचा आहे. शिवाय मारामारीच्या कथेत ज्याला करण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्याला इथे जागा मिळते. ड्रॅगन बॉल सुपरमधला यामचा घ्या. देवांच्या पातळीच्या लढायांत त्याला कोणी विचारत नाही; पण ७० व्या भागात दोन विश्वांमध्ये बेसबॉलचा सामना होतो, आणि बेसबॉल हा यामचाचा जुना धंदा. त्या एका भागात तोच नायक.

म्हणून पहिला ढोबळ नियम: फिलर जितका हलका आणि आखूड, तितका ठेवण्याजोगा. नियमाला अपवाद आहेत, ते पुढे येतील.

पायरी १: यादी घ्या, पण आधी क्रमांक जुळवा

प्रत्येक मोठ्या मालिकेची फिलर-यादी इंटरनेटवर सहज मिळते. ती उघडा आणि प्रत्येक भागापुढे कॅनन, मिश्र, फिलर की रिकॅप एवढं नोंदवून घ्या. भागाचा सारांश वाचायला जाऊ नका. तिथे कोण मेलं, कोण परत आलं, सगळं उघडं पडतं.

गडबड होते ती क्रमांकांत. याद्या पहिल्या भागापासून सलग क्रमांक देतात. ॲपवर मात्र सीझन पाडलेले असतात आणि प्रत्येक सीझन १ पासून सुरू होतो. 'भाग १२' म्हणजे नेमका कुठला, हे नावावरून पडताळा. जुन्या डबिंगमध्ये तर कापाकापीही झालेली असते: ड्रॅगन बॉल झेडचे पहिले ६७ भाग पहिल्या इंग्रजी प्रसारणात कापून ५३ केले होते. तुमच्याकडची आवृत्ती कापलेली असेल तर यादीचे आकडे त्या प्रमाणात सरकतील. खात्रीसाठी दोन-तीन ठिकाणी भागाचं नाव आणि क्रमांक ताडून बघा, मग पुढे जा.

मिश्र भाग कधीही गाळू नका. त्यातली चार-पाच मिनिटं कॅननची असतात आणि नेमकी त्यातच पुढे लागणारी गोष्ट दडलेली असते.

पायरी २: आदला भाग कुठे थांबला ते बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. फिलर चांगला की वाईट हे त्यातल्या विनोदापेक्षा त्याच्या जागेवर जास्त अवलंबून असतं. तमाशात बतावणी वग सुरू होण्याआधी येते; वगात राजाच्या मानेवर तलवार टेकलेली असताना सोंगाड्या गावगप्पा मारू लागला तर प्रेक्षक फेटे फेकतील.

आदल्या भागाच्या शेवटी लढाई संपली असेल, माणसं घरी परतली असतील, जखमा बांधून झाल्या असतील, तर हलका फिलर लगेच बघा. त्याची जागा बरोबर आहे. वर सांगितलेला नारुतो १०१ हा त्सुनादे या वैद्य-निन्जाला गावात परत आणण्याची मोहीम संपल्यावर येतो. ड्रॅगन बॉल सुपरमध्ये झामासूची काळीकुट्ट कथा ६७ व्या भागात संपते. ६८ पासून काही भाग निव्वळ गंमत आहे, ६९ मध्ये नायक गोकूची गाठ 'डॉ. स्लम्प' या दुसऱ्या मालिकेतल्या अरालेशी पडते आणि ७० ला तो बेसबॉल.

आदला भाग लढाईच्या ऐन मध्यात तुटला असेल तर फिलर पुढे ढकला. आर्क, म्हणजे कथेचा तो मोठा टप्पा, संपू द्या, मग मागे येऊन बघा. याची वाईट उदाहरणं हवी तितकी आहेत. नारुतोच्या पुढच्या मालिकेत, शिपुदेनमध्ये, पेन या खलनायकाशी झुंज १६९ पर्यंत येते आणि पेनमागच्या खऱ्या माणसाशी समोरासमोर बोलणं उरलेलं असताना १७०-१७१ मध्ये लहानपणीच्या एका साहसाची आठवण सुरू होते. भाग वाईट नाहीत, पण त्या जागी ते बघताना हात शिवशिवतात. ब्लीच या शिनिगामींच्या, म्हणजे मृत्युदेवतांच्या, मालिकेत काराकुरा गावाच्या प्रतिकृतीत त्यांच्या कॅप्टन मंडळींची लढाई रंगात आली असताना २२७ पासून फिलर लागतो आणि २२८ मध्ये सगळे चक्क समुद्रकिनाऱ्यावर पोहायला! आदल्या भागात जे रक्तबंबाळ होते, तेच.

ढकललेल्या भागांची एक छोटी चिठ्ठी ठेवा, फोनच्या नोट्समध्ये चालेल. नाहीतर 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं कायमचं राहून जातं.

पायरी ३: लांबी मोजा

१ ते ३ भागांचा हलका फिलर, जागा बरोबर असेल तर, विचार न करता बघावा. तासाभराचा मामला आहे. ४ ते ११ भागांचा सलग आर्क असेल तर पहिले दोन भाग बघून ठरवा. दुसऱ्या भागाच्या शेवटी पुढे काय होईल याची उत्सुकता नसेल तर ती पुढे वाढत नाही, हे निदान फिलरच्या बाबतीत खरं. १२ च्या पुढे असेल तर पहिल्या फेरीत सोडा. मालिका संपल्यावर चुकचुकल्यासारखं झालं की तेव्हा हेच भाग कामी येतात, आणि तेव्हा ते जास्त गोड लागतात, कारण कथा अडून बसलेली नसते.

पायरी ४: भाग कोणाभोवती फिरतो?

फिलरच्या पहिल्या पाच मिनिटांत बघा, मध्यभागी कोण आहे. आधीपासून ओळखीची दुय्यम मंडळी असतील तर थांबा; अशा भागांत त्यांचं घर, खाणं, भीती, आवडनिवड कळते, जी मांगाला दाखवायला सवड नसते. याउलट पहिल्याच दृश्यात एक अनोळखी राजकुमारी, तिच्या मागावर चार मारेकरी आणि तिच्याकडे एखादा रहस्यमय खडा असेल, तर पुढचे पाच भाग तुम्ही आत्ताच लिहून देऊ शकाल. बंद करा.

या पायरीला आणखी एक उपयोग आहे. हलक्या भागात पात्रं कोड्यात पडतात तेव्हा ती कशी वागतात, त्यावरून लेखकांनी त्यांना किती ओळखलंय ते दिसतं. ड्रॅगन बॉल झेडच्या १२५ व्या भागात गोकूची बायको चिची त्याला आणि पिकोलोला गाडी चालवायला शिकायला पाठवते. उडता येणारे हे दोघं लायसन्ससाठी शिकवणीच्या गाडीत बसतात आणि अर्थातच शर्यत लावतात. कृत्रिम मानव येणार म्हणून तीन वर्षं तयारी चालू आहे, आणि १२६ पासून तेच संकट दारात उभं राहतं. एकेकाळी गोकूला मारायला टपलेला पिकोलो आता त्याच्या घरचा कसा झालाय, हे दहा मारामाऱ्यांत कळलं नसतं ते त्या गाडीत कळतं.

चार मालिका, चार बेत

*नारुतो (२२० भाग).* १ ते १३५ सरळ बघा, फक्त २६ गाळा. ९७ हा गरम पाण्याच्या कुंडाचा भाग. विनोद थोडा चावट आहे. १०१ चुकवायचा नाही. १०२ ते १०६ मधली चहाच्या देशातली मोहीम गंभीर आहे पण आखूड, आणि तिघांची जोडी अजून शाबूत आहे. वेळ असेल तर बघा. १३६ ते १४० सोडा, १४१ आणि १४२ मिश्र आहेत. १४३ ते २१९ हे ते ७७ भाग: ओपनिंग-एंडिंग वगळूनही सुमारे २६ तास. यातले सलग चालणारे आर्क सोडून सुटे विनोदी भाग वेचा. १६१ मध्ये गाय सर आणि त्यांचा चेला ली यांच्यासारखे हिरवे कपडे घालून दोन अनोळखी माणसं गावात येतात. १७४ मध्ये श्रीमंत घरचा पोरगा पैशाच्या जोरावर निन्जा व्हायला निघतो. १८६ मध्ये एरवी कपाळावरची आठीही न हलवणारा शिनो औषधाच्या परिणामाने हसत सुटतो, आणि हसणारा शिनो ही कल्पनाच भागाचे पैसे वसूल करते. १९२ मात्र सोडा. त्यातला विनोद जाडेपणावर बेतलेला आहे आणि आज तो बघवत नाही. २२० विसरू नका: नारुतो गाव सोडून निघतो तो हा भाग. ७७ भाग उड्या मारत ओलांडताना लोक याच्यावरूनही उडी मारतात आणि मग शिपुदेनच्या सुरुवातीला गोंधळतात.

शिपुदेनच्या ५०० भागांसाठी एवढं लक्षात ठेवा: १७०-१७१ पेनची कथा पूर्ण झाल्यावर, म्हणजे १७५ नंतर. ३७६-३७७ मध्ये यांत्रिक नारुतो येतो, तोही महायुद्धाच्या ऐन मध्यात. भाग मजेशीर आहेत, युद्ध संपल्यावर बघा. ४६९ मध्ये काकाशींच्या चेहऱ्याचं कोडं शेवटी सुटतं, पण तो कागुयाशी चाललेल्या लढाईत अडकवलेला आहे. तो ५०० संपल्यावर, आधी जुना १०१ पुन्हा बघून लगेच लावावा. आणि अपवाद सांगायचा राहिला तो हा: ३४९ ते ३६१ हा काकाशींच्या तरुणपणाचा १३ भागांचा आर्क लांब आहे, गंभीर आहे, तरी चांगला आहे. ओळखीच्या माणसाच्या भूतकाळात घडत असल्याने त्याला 'शेवटी सगळं पूर्ववत' करण्याची कसरत करावी लागत नाही.

*ब्लीच (२००४ ते २०१२ मधले ३६६ भाग).* इथे फिलर मोठ्या गठ्ठ्यांत आहे. ६४ ते १०८ बाउंतो, १६८ ते १८९ नवा कॅप्टन अमागाई, २३० ते २६५ तलवारींचं बंड. तिन्ही पहिल्या फेरीत सोडा. अमागाईचा आर्क तर वेको मुंदो या शत्रूच्या मुलखातल्या लढाया अर्ध्यावर टाकून सुरू होतो, त्यामुळे १६७ नंतर थेट १९० लावा. तलवारींचं बंड मालिका संपल्यावर बघण्यासारखं आहे, कारण तलवारी माणसांच्या रूपात दिसतात आणि मालकाशी भांडतात. सुट्या हलक्या भागांपैकी २१३-२१४ ही काराकुरायझरची जोडी ठेवा. जपानी टीव्हीवरच्या रंगीत पोशाखांच्या वीरमंडळींची ती थट्टा आहे. २२८ चा समुद्रकिनारा चिठ्ठीत टाका आणि भर उन्हाळ्यात बघा.

*वन पीस (ऑक्टोबर १९९९ पासून).* हलक्या फिलरची सगळ्यात चांगली जागा साधलेली उदाहरणं इथेच आहेत. १३० व्या भागात अलाबास्ताची प्रदीर्घ कथा संपते आणि १३१ ते १३५ असे पाच सुटे भाग येतात, एकेका खलाशावर एकेक: चॉपर, नामी, सांजी, उसोप, झोरो. सांजीचा भाग करीवर आहे, उसोपचा शोभेच्या दारूवर. सोबतीण व्हिवीचा निरोप नुकताच झालेला असतो, जहाजावर पोकळी जाणवत असते, आणि हे पाच भाग ती सावकाश भरतात. त्यानंतर १९६ ते २०६ मधला जी-८ चा आर्क. ढगांवरच्या बेटावरून खाली उतरताना कप्तान लुफीचं जहाज नेमकं नौदलाच्या तळात पडतं. मग मारामारी कमी आणि लपाछपी जास्त: सांजी तळाच्या स्वयंपाकघरात शिरतो, चॉपर दवाखान्यात. तळाचा प्रमुख जोनाथन मूर्ख नाही, क्रूरही नाही. तो शांतपणे मासे गळाला लावणारा माणूस आहे. ११ भागांची लांबी आमच्या नियमाच्या अगदी काठावर येते, पण दुसऱ्या भागाची चाचणी हा आर्क सहज पार करतो. फिलर म्हणजे कचरा असं म्हणणाऱ्या मित्राला दाखवायचा असेल तर हाच.

*ड्रॅगन बॉल झेड (१९८९ ते १९९६, २९१ भाग).* १०८ ते ११७ मधला गार्लिक ज्युनिअर सोडा; गोकू परतलेला नसताना काळ ढकलण्यासाठी आणलेली गंभीर कथा आहे. १२५ ठेवा. फिलर अजिबात नकोच असेल तर २००९ मध्ये सुरू झालेली काई ही आवृत्ती घ्या. तिच्यात बराचसा भराव छाटलेला आहे. फक्त लायसन्सवाला १२५ तेवढा झेडमधून वेगळा काढून बघा.

रुरौनी केनशिनच्या १९९६ च्या मालिकेबद्दल एकच वाक्य: क्योटोचा आर्क ६२ व्या भागात संपतो, तिथे थांबा, पुढचं सगळं मांगाबाहेरचं आहे आणि मांगातला शेवटचा मोठा आर्क त्या मालिकेत आलाच नाही.

बघताना

हलका फिलर दीडपट वेगाने बघू नका. कंटाळवाणी मारामारी वेगाने पळवली तर फार काही बिघडत नाही, पण विनोद उभा असतो तो थांबण्यावर. फडकं उतरल्यावर जो क्षणभराचा सन्नाटा असतो, तो पळवला की हसूच पळून जातं.

एका बैठकीत दोनपेक्षा जास्त सुटे भाग नकोत. प्रत्येकाचा साचा सारखा असतो, तिसऱ्याला तो उघडा पडतो. आम्ही सुचवतो तो क्रम असा: मोठा आर्क संपला की त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी एक हलका भाग, मग नव्या आर्कची सुरुवात. आर्क संपल्या संपल्या मध्यरात्री फिलर लावला तर तो फिकाच वाटणार. दोष त्याचा नाही.

जपानी विनोदात शब्दांच्या कोट्या फार. सबटायटलमध्ये त्या बहुधा मरतात, पण शारीरिक विनोद टिकतो. भाग रटाळ वाटला तर तो खरंच रटाळ आहे की फक्त कोटी हरवली, हे पात्रांच्या चेहऱ्यांवरून कळतं.

गरम पाण्याची कुंडं आणि समुद्रकिनारा असलेले भाग दिवाणखान्यात सगळ्यांसमोर लावण्याआधी एकट्याने पाच मिनिटं चाळा. नारुतो ९७ आणि ब्लीच २२८ दोन्ही त्यात आले. आजीला तलवारीने हात तुटलेला चालतो, हे चालत नाही.

चुकतं कुठे

फिलरमध्ये दिसलेलं तंत्र किंवा ताकद मूळ कथेत गृहीत धरणं ही नेहमीची चूक. ब्लीचच्या १४७ ते १४९ या तीन भागांत मेनोसच्या जंगलात आशिदो भेटतो, मनात घर करतो, आणि मूळ कथेत त्याचं नावही नाही. 'तो परत कधी येणार' म्हणून वाट बघत बसू नका. हे तीन भाग मात्र जरूर बघा.

चित्रांवरून निकाल देणं ही दुसरी. फिलरमध्ये रेखाटन कधीकधी ढिलं असतं, पण मारामारीच्या भागाला चित्रांची गरज जितकी, तितकी चेहऱ्यांच्या फजितीला नसते.

आणि नव्या मालिकांना हा हिशोब जसाच्या तसा लावणं ही तिसरी. आता बहुतेक मालिका १२-१३ भागांच्या 'कूर'मध्ये येतात, मध्ये महिनोन् महिने थांबतात आणि मांगा पुढे निघून जातो. फिलरची गरज उरलेली नाही, त्यामुळे दम घ्यायची जागाही आपोआप मिळत नाही. ती मुद्दाम ठेवावी लागते. जुजुत्सु काइसेनच्या पहिल्या सीझनच्या २१ व्या भागात दोन शाळांचे जादूगार बेसबॉल खेळतात. तो कॅनन आहे, मांगातलाच, म्हणून कुठल्याही यादीत त्याच्यावर शिक्का दिसणार नाही. पण काम तेच करतो. माय हिरो अकॅडेमियाचा ५८ वा भाग मात्र खराखुरा फिलर, त्या वेळच्या चित्रपटाशी जोडलेला. तो गाळला तरी काही अडत नाही.

शेवटी बोटांना लागलेल्या एका सवयीबद्दल. ॲप एंडिंग सुरू होताच 'पुढचा भाग' असं बटण दाखवतं आणि बोट आपोआप तिकडे जातं. जुजुत्सु काइसेनच्या पहिल्या सीझनमध्ये भाग संपल्यावर 'जुजु सानपो' नावाचे मिनिटभराचे विनोदी तुकडे आहेत, ब्लीचमध्ये शिनिगामींचा सचित्र कोश आणि पुढे आरांकारांचा कोश. सगळा फिलर गाळायचं ठरवलेल्यांनीही हे बघायला हरकत नाही, पण त्यासाठी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं आधी बंद करावं लागेल.